पूर्वपक्षाचे उपकार

परमेश्वर आणि परमेश्वराविषयी मनुष्याने रचलेला युक्तिवाद या दोन भिन्न वस्तू होत. परमेश्वर नित्य, निर्दोष व परिपूर्ण आहे. परंतु त्याच्याविषयीचे अनुमान जीवाच्या बुद्धीतून निघते, आणि म्हणून जीवाच्या बुद्धीचे दोष त्यात उतरतात. हा भेद सामान्यतः सर्वांस मान्य असतो; पण वादाचा प्रसंग आला म्हणजे पुष्कळांच्या ध्यानातून तो सुटतो. कोणी परका येऊन 'हे तुमचे अनुमान टिकत नाही' असे म्हणाला, की ऐकणाऱ्यास वाटते, याने परमेश्वरालाच दोष लावला. मग तो रागावतो, अथवा कानांवर हात ठेवतो. वस्तुतः दोष लागलेला असतो तो त्याच्या वाक्याला. वाक्य दुरुस्त करता येते. ते दुरुस्त करण्याची संधी ज्याने दिली, त्याच्यावर रागावणे हे वैद्याने नाडी पाहून रोग सांगितला म्हणून वैद्यावर रागावण्यासारखे आहे.

प्रश्न केवळ पंडितांपुरता नाही. महाविद्यालयात शिकून आलेला मुलगा घरी वडिलांना विचारतो, 'जग कोणीतरी केलेच पाहिजे असे आपण म्हणता, ते कशावरून?' वडिलांपाशी उत्तर नसते. ते म्हणतात, 'असे प्रश्न विचारू नयेत.' मुलगा गप्प बसतो. त्याची शंका मात्र गप्प बसत नाही. काही वर्षांनी तो नामस्मरणही सोडतो आणि घरात कोणास त्याचे कारण उमगत नाही. ज्या घरात आक्षेपाला बसावयास पाट मिळत नाही, त्या घरातून श्रद्धा अशी हळूहळू पाय काढून घेते. यास्तव बाहेरून येणाऱ्या टीकेचे स्थान कोणते, तिच्याशी कसे वागावे, आणि तिने ईश्वरविषयक विचाराचे आजवर काय भले केले, हे शांतपणे पाहणे अगत्याचे आहे.

शास्त्राची रीत

भारतीय शास्त्रांनी या बाबतीत एक उत्तम शिस्त घालून दिली आहे. प्रथम विषय सांगावा, मग संशय मांडावा, मग पूर्वपक्ष, त्यानंतर उत्तरपक्ष आणि शेवटी निर्णय. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की प्रतिपक्षाचे म्हणणे 'पूर्व' आहे. ते आधी यावयाचे आहे. स्वमत सांगून झाल्यावर उरलेल्या वेळात विरोधकाचा समाचार घ्यावा, अशी ती रीत नव्हे. विरोधक जितका समर्थ करून उभा केला असेल, तितके उत्तर समर्थ होते. दुबळा पूर्वपक्ष रचून तो पाडणारा ग्रंथकार स्वतःचीच फसवणूक करतो.

महानुभाव शास्त्रपरंपरेतही ही दृष्टी आहे. सूत्रपाठात 'अन्यव्यावृत्ती' या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. अन्य मतांपासून आपले मत वेगळे करून दाखविणे हा त्याचा विषय. आता, जे ठाऊकच नाही त्यापासून वेगळेपण दाखविता येत नाही. अन्य मत काय म्हणते हे ज्याने समजून घेतले, त्यालाच व्यावृत्ती करण्याचा अधिकार. अर्थात त्या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्यावर परमत प्रामाणिकपणे जाणून घेण्याचे कर्तव्य आपोआपच येते.

दृष्टांत

ठाणे जिल्ह्यात कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आसनगाव हे स्थानक आहे. येथे उतरणाऱ्याच्या नजरेत माहुलीचा डोंगर भरतो. डोंगरावर किल्ला आहे. त्याला दरवाजा, तट, पाण्याची टाकी आहेत. त्याच डोंगराच्या माथ्यावरून आकाशात घुसलेले काळ्या कातळाचे सुळके आहेत. लोकांनी त्यांना वजीर, नवरा-नवरी अशी नावे दिली आहेत. याच शहापूर-मुरबाडच्या मुलुखातून, मुरबाडकडून जुन्नरकडे नाणेघाट चढतो. घाटाच्या माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे.

आता एक वाटसरू या तीन ठिकाणी हिंडतो असे समजावे. नाणेघाटातील लेणे पाहून तो म्हणतो, 'हे कोणीतरी कोरले.' त्याला पुरावा शोधावा लागत नाही. लेखातच सातवाहनांचा उल्लेख आहे. माहुलीचा तट पाहून तो म्हणतो, 'हाही कोणीतरी बांधला.' तेथे त्या दगडावर नाव कोरलेले असो वा नसो, त्याने गावोगाव गवंडी भिंत रचताना पाहिलेले असतात. तशी भिंत गवंड्यावाचून होत नाही हे त्यास ठाऊक असते. मग तो मान वर करून सुळक्याकडे पाहतो. सुळकाही उभा, रेखीव, एखाद्या शिल्पासारखा. तो म्हणतो, 'हाही कोणीतरी घडविला.'

शेजारी उभा असलेला दुसरा वाटसरू येथे त्याला थांबवितो. तो म्हणतो, 'तट बांधणारे हात जगाने पाहिले आहेत. सुळका घडविणारा हात कोणी कधी पाहिला? किंबहुना तट कोठे संपतो आणि कातळ कोठे सुरू होतो हे तुम्ही लांबून ओळखता, ते याचसाठी, की घडविलेल्या दगडाची खूण वेगळी आणि आपोआप झिजलेल्या दगडाची खूण वेगळी. ज्या खुणेवरून तुम्ही कर्ता ओळखता, ती खूण सुळक्यावर नाही. आणि तरी तुम्ही कर्ता आहे म्हणता.' भूगर्भशास्त्र आज सांगते, की सह्याद्रीचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या थरांचा आहे, आणि पाऊस-वाऱ्याने झिजून त्याचे सुळके झाले.

पहिला वाटसरू श्रद्धावान आहे. दुसरा नास्तिक असेल किंवा नसेल. परंतु दुसऱ्याने जे विचारले, ते पहिल्याने स्वतः विचारावयास हवे होते.

दार्ष्टांतिक

ही केवळ कल्पनेतील गोष्ट नव्हे. न्यायदर्शनाच्या आचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी जे प्रसिद्ध अनुमान मांडले, त्याचा आशय असा: घट हे कार्य आहे, त्याला कुंभार हा कर्ता आहे, पृथ्वी, पर्वत, अंकुर हीदेखील कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे. सुमारे सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने 'प्रमाणवार्तिक' या ग्रंथात यावर नेमका दुसऱ्या वाटसरूचा आक्षेप घेतला. ज्या जातीची रचना कर्त्यामुळे होते असे पाहिले आहे, त्याच जातीच्या रचनेवरून कर्त्याचे अनुमान करता येईल. केवळ 'रचना' हा शब्द दोन्हीकडे लावता येतो एवढ्यावरून नाही. नाही तर वारूळ हेही मातीचेच, म्हणून तेही कुंभारानेच केले, असे म्हणण्याची पाळी येईल.

वारुळाचा हा दाखला किती मार्मिक आहे हे खेड्यातील माणसास सांगावयास नको. आसनगावच्या आसपास वीटभट्ट्याही दिसतात आणि रानात वारुळेही दिसतात. दोन्ही मातीची, दोन्हींत घडण. पण भट्टी पाहून मजूर आठवतो आणि वारूळ पाहून वाळवी. 'माती आणि आकार' एवढ्यावरून कर्ता कोण हे ठरत नाही.

न्यायाचार्यांनी हा आक्षेप हसण्यावारी नेला असता, तर त्यांचे शास्त्र तेथेच थांबले असते. त्यांनी तसे केले नाही. आकाराच्या साम्यावरचा भार त्यांनी कमी केला. 'कार्य' म्हणजे काय, 'कर्ता' म्हणजे काय, यांची लक्षणे नव्याने बांधली. उपादानाचे ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न ही तिन्ही ज्याच्या ठायी आहेत तो कर्ता, असे स्पष्ट केले. हेतू आणि साध्य यांची व्याप्ती कशाने निश्चित होते याचा कसून विचार केला. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' लिहिली. तिचे पाच स्तबक म्हणजे प्रतिपक्षाच्या पाच प्रकारच्या विप्रतिपत्तींना दिलेली पाच उत्तरे होत. ईश्वरसिद्धीचा भारतातील हा अग्रगण्य ग्रंथ विरोधकाच्या आक्षेपांच्या क्रमाने रचलेला आहे! आक्षेप काढून टाकले तर त्या ग्रंथाचा सांगाडाच उरणार नाही.

त्यावरही बौद्ध पंडित गप्प बसले नाहीत. विक्रमशिला विहारातील ज्ञानश्रीमित्र आणि त्याचा शिष्य रत्नकीर्ती यांनी नैयायिकांच्या ईश्वरानुमानाची पुन्हा चिकित्सा केली. येथे एक हृद्य गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. वाचस्पतिमिश्रांचे गुरू त्रिलोचन हे थोर नैयायिक. त्यांचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांचे विचार जे काही कळतात, ते पुष्कळसे या बौद्ध विरोधकांनी खंडनासाठी उतरून घेतलेल्या वचनांतून. ईश्वर मानणाऱ्याचा युक्तिवाद ईश्वर न मानणाऱ्याने जपून ठेवला. रत्नकीर्तीचे निबंधही भारतातून लोपले होते. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या मठांतून हस्तलिखितांचा शोध लावल्यावर १९५७ साली पाटण्याहून ते छापले गेले. प्रतिपक्षाचे म्हणणे नीट, त्याच्याच शब्दांत उतरून घेणे ही केवढी मोठी सेवा आहे, हे यावरून दिसते.

दयेचा प्रश्न

परकी टीका नेहमी नास्तिकाकडूनच येते असेही नाही. कुमारिलभट्ट हे वेदांचे कट्टर अभिमानी. तरीही मीमांसक या नात्याने त्यांनी 'श्लोकवार्तिका'त सृष्टिकर्त्या ईश्वराच्या कल्पनेवर कठोर प्रश्न केले. ईश्वराने जग दयेपोटी निर्माण केले म्हणावे, तर जगापूर्वी दया करावी असा दुःखी जीव तरी कोठे होता? आणि दयाळूने दुःखाने भरलेले जग का करावे? क्रीडेसाठी केले म्हणावे, तर जो परिपूर्ण आणि तृप्त आहे त्याला क्रीडेची गरज काय?

हा प्रश्न ज्याच्या घरात तान्हे मूल गेले आहे, त्याला पंडिताकडून ऐकावा लागत नाही. तो त्याच्या उशाशी बसलेला असतो. म्हणूनच त्याला सैल उत्तर देणे हे पाप आहे. 'सर्व काही ईश्वराची इच्छा' असे म्हणून उठून जाणारा मनुष्य ईश्वराचा बचाव करीत नाही. तो ईश्वराला निर्दय ठरवून जातो.

या आक्षेपामुळे ईश्वरवाद्यांना आपले विधान आटोपशीर करावे लागले. ईश्वराने काहीच नसताना, मनात आले म्हणून, सुखी-दुःखी जीव घडविले हे विधान सोडावे लागले. जीव अनादी, त्याचे कर्म अनादी, आणि सुखदुःखातील विषमता त्या कर्मानुसार, हे विधान पुढे आले. त्यावर मीमांसकाने पुन्हा विचारले: कर्मच फळ देते, तर ईश्वर कशाला? तेव्हा उदयनादिकांनी उत्तर दिले, की कर्मजन्य अदृष्ट हे जड आहे. जडाला चेतन अधिष्ठाता हवा. एकेका प्रश्नासरशी युक्तिवादातील पसारा कमी होत गेला आणि जे म्हणावयाचे होते ते नेमके होत गेले. शेतकरी धान्य उफणतो तेव्हा वारा त्याने निर्माण केलेला नसतो. तो बाहेरूनच येतो. सूप मात्र त्याच्या हातात हवे.

परदेशातील एक उदाहरण

ही रीत आपल्याच देशात होती असा अभिमान धरण्याचे कारण नाही. युरोपात अकराव्या शतकात, सुमारे १०७७-७८ मध्ये, आन्सेल्म या ख्रिस्ती आचार्याने ईश्वरसिद्धीचा एक युक्तिवाद रचला. ज्याहून थोर कल्पिताच येत नाही ते तत्त्व केवळ मनात असून चालणार नाही, ते प्रत्यक्षातही असले पाहिजे, असा त्याचा आशय. गौनिलो नावाच्या एका साधूने त्यास उत्तर लिहिले: याच न्यायाने सर्वांत उत्तम असे एखादे हरवलेले बेटही प्रत्यक्षात आहे असे सिद्ध करता येईल! गौनिलो स्वतः ईश्वरभक्तच होता. पण त्याने मुद्दाम न मानणाऱ्याच्या जागी उभे राहून लिहिले. आन्सेल्मने काय केले? त्याने गौनिलोचा आक्षेप आणि आपले प्रत्युत्तर ही दोन्ही मूळ ग्रंथाला जोडून पुढे नकलावीत अशी व्यवस्था केली. नऊ शतके उलटली, तरी ते तिन्ही लेख एकत्र वाचले जातात. आपल्या ग्रंथाच्या पाठीवर त्याचा दोष बांधून पाठविण्यास ज्या ग्रंथकाराचे मन तयार होते, त्याचा ईश्वरावरील विश्वास किती गाढ असला पाहिजे!

म्हाइंभट

आता परमार्गाच्या इतिहासाकडे वळावे. लीळाचरित्राचे कर्ते म्हाइंभट हे मूळचे सराळ्याचे. गणपत आपये यांच्यापाशी शास्त्राध्ययन केलेले ते नामांकित विद्वान होते. सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंची कीर्ती त्यांच्या कानी आली, तेव्हा ते शिष्य होण्यासाठी आले नाहीत. वाद करण्यासाठी आले. विद्येचा ताठा घेऊन आलेला हा पंडित बाहेरचा होता, आक्षेपक होता. प्रभूंनी त्यास दारातून परतविले नाही. त्याला बोलू दिले, त्याचे शास्त्र त्याच्याकडून वदविले, आणि त्याच्याच म्हणण्यातील उणीव त्याला दिसू दिली. म्हाइंभट निरुत्तर झाले. तरी लगोलग अनुसरले नाहीत. त्यांचा अनुसरणाचा योग पुढे, प्रभूंच्या उत्तरापंथगमनानंतर, श्रीनागदेवाचार्यांच्या सन्निध आला. मधल्या काळात कोणी त्यांना ओढले नाही, कोणी हिणविले नाही.

आणि मग याच मनुष्याच्या हातून शके १२०० च्या सुमारास मराठी गद्याचा तो पहिला थोर ग्रंथ झाला. त्याची रीत पाहावी. त्यांनी लीळा कल्पनेने लिहिल्या नाहीत. ज्यांनी ज्या लीळा प्रत्यक्ष पाहिल्या, त्यांच्यापाशी जाऊन त्या विचारल्या. आचार्यांकडून तपासून घेतल्या. ऐकलेल्या गोष्टीस 'हे तुम्ही पाहिले की ऐकले?' असा प्रश्न घालण्याची सवय वादसभेत मुरलेल्या पंडिताचीच. परमार्गात आल्यावर ती सवय त्यांना टाकावी लागली नाही. तिचा रोख तेवढा बदलला. पुढे धाडीत मूळ प्रत नष्ट झाली आणि ग्रंथ आठवणींवरून पुन्हा सिद्ध करावा लागला, तेव्हाही निरनिराळ्यांच्या आठवणीतील पाठभेद पुसून न टाकता राखले गेले. भिन्न मत नोंदवून ठेवण्याने लीळेचे माहात्म्य उणे झाले नाही. तिची विश्वसनीयता वाढली.

बाहेरचा आक्षेपक असा आत आला. पण तो आत आला नसता, सराळ्यास परत जाऊन तेथेच राहिला असता, तरी त्याचे प्रश्न वाया गेले नसते. प्रश्नाचे मोल प्रश्नकर्ता पुढे कोणत्या पंथात गेला यावरून ठरत नाही.

दार लावून घेण्याची किंमत

परमार्गाने पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. ब्रह्मविद्येचे शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, काळाच्या धामधुमीत त्याची विटंबना होऊ नये, हा त्यामागील हेतू होता, आणि त्या हेतूने शेकडो पोथ्या रक्षण केल्या हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु त्याची किंमतही पडली, आणि ती सांगण्यात अनमान करू नये.

पोथी वाचणारा परका उरला नाही. म्हणून शास्त्राला खरा आक्षेपक उरला नाही. आक्षेपक उरला नाही, पण निंदक उरले. निंदेला वाचन लागत नाही. ग्रंथ न वाचताच कंड्या पिकल्या. मराठीत 'मानभावी' हा शब्द ढोंगी या अर्थाने रूढ झाला. समंजस टीकेचे दार बंद केले म्हणजे टीका थांबत नाही. ती भिंतीपलीकडे, अज्ञानाच्या रूपाने वाढते. वाचून विरोध करणारा एक पंडित, न वाचता हसणाऱ्या शंभर जणांपेक्षा किती तरी हितकारक!

विसाव्या शतकाच्या आरंभी हे दार उघडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीची उकल केली. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे, ज्यांच्या पुढाकाराने १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, त्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथातून महानुभाव वाङ्मय मराठी वाचकासमोर आणले. काही महंतांनी मन मोठे करून आपल्या पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्यभर परिश्रम केले; त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली निघाले. १९८३ साली अमेरिकेतील विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठाचा इंग्रजी अनुवाद विवेचनासह प्रसिद्ध केला. या अभ्यासकांची सर्वच मते पंथीयांस रुचली असे नाही. काही मतांविषयी तीव्र विरोधही झाला. तरी पाठ कोणता जुना, सूत्राचे प्रकरण कोणते, हा अर्थ सूत्रातून निघतो की नंतरच्या टीकेतून, असे जे प्रश्न त्यांनी उभे केले, त्यांनी पंथातील अभ्यासकालाही आपल्या पोथीकडे अधिक सावधपणे पाहावयास लावले.

शंका आणि समाधान

आता एक शंका प्रत्यक्षच घेऊन पाहावी, म्हणजे टीकेने विचार कसा निवळतो हे ध्यानात येईल.

शंका: महानुभाव शास्त्र जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व अनादी मानते. अद्वैती विचारतो: परमेश्वराप्रमाणे बाकीचे तिन्ही पदार्थही अनादी असतील, तर परमेश्वराचे श्रेष्ठत्व कशात? तो चौघांतील एक झाला. आणि जो चौघांतील एक, तो इतर तिघांनी मर्यादित झाला.

समाधान: ही शंका हलकी नाही. तिच्यापुढे 'परमेश्वर सर्वांचा कर्ता, म्हणून तो श्रेष्ठ' असे मोघम उत्तर देणारा अडचणीत येतो. कारण जीव आणि कारणरूप प्रपंच यांची उत्पत्ती शास्त्रच मानीत नाही. म्हणून आपले विधान नेमके करावे लागते. श्रेष्ठत्व काळाने ठरत नाही. अनादी असणे म्हणजे समर्थ असणे नव्हे. जीव अनादी आहे, पण तो अनादी अविद्येने बद्ध आहे. प्रपंच अनादी आहे, पण तो जड आहे. देवता नित्य आहेत, पण त्यांचे फळ मर्यादित आहे, त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. बद्ध जीवास सोडविण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचे. त्याचे श्रेष्ठत्व जग घडविण्यात पाहण्यापेक्षा जीवोद्धारात पाहावे, हे या शंकेमुळे स्पष्ट झाले. अद्वैती एवढ्याने संतुष्ट होईल असे नाही. मर्यादेचा त्याचा मुद्दा तो पुढेही चालवील, आणि त्याचे उत्तर अभ्यासकाने आणखी शोधीत राहावे. परंतु साधकाचा लाभ झालाच: आपण कशासाठी परमेश्वरास शरण जातो हे त्याला पूर्वीपेक्षा स्वच्छ कळले.

माहुलीच्या दृष्टांतातील पहिल्या वाटसरूलाही हेच सांगता येईल. समजा, सुळक्याचा कर्ता अनुमानाने सिद्ध झाला. तरी त्यातून काय मिळाले? एक मोठा कारागीर मिळाला. तो दयाळू आहे, तो जीवास सोडवितो, हे सुळक्यावरून कळत नाही. शास्त्राने ज्ञानाचे शाब्द, अपरोक्ष, सामान्य आणि विशेष असे प्रकार सांगितले आहेत. युक्तिवाद कितीही शुद्ध झाला तरी तो शब्दाच्या पायरीवरचा. त्याचे काम वाटेतील काटे काढण्याचे. दर्शन घडविण्याचे नव्हे. ते परमेश्वराच्या कृपेवर अवलंबून आहे. धर्मकीर्तीने जे पाडले, ते अनुमान होते. ज्याने अनुमानालाच परमेश्वर मानले होते, त्याचेच देऊळ पडले.

सर्वच टीका सारखी नव्हे

येथे कोणी म्हणेल, की मग ज्याने-त्याने यावे आणि वाटेल ते बोलावे काय? न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: तत्त्व जाणण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे पाडण्यासाठी चालते ती वितंडा. साधकाने वाद करावा. जल्प आणि वितंडा यांत वेळ घालवू नये. ज्याला उत्तर ऐकावयाचेच नाही त्याच्याशी मौन धरणे यात पराभव नाही.

तथापि एक सूक्ष्म गोष्ट विसरू नये. विरोधकाचा हेतू वाईट असला तरी त्याचा मुद्दा खरा असू शकतो. १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे जाहीर वादविवाद झाले. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतर घडविण्याचा होता, हे उघड होते. तरी बुवांनी त्यांचे प्रश्न टाळले नाहीत; सर्वांसमक्ष ऐकले आणि सर्वांसमक्ष उत्तरे दिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, त्यांचा 'वेदोक्त धर्मप्रकाश' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिशनऱ्याने आरसा कोणत्या हेतूने धरला याचा विचार करीत बसण्यापेक्षा आरशात काय दिसते ते पाहणे शहाणपणाचे.

साधकाने काय करावे

यातून आचरणाच्या काही गोष्टी निघतात. आक्षेप ऐकल्यावर लगेच उत्तर देऊ नये. प्रथम तो आपल्या शब्दांत पुन्हा सांगावा, आणि 'आपले म्हणणे हेच ना?' असे आक्षेपकास विचारावे. त्याने होकार दिल्यावरच उत्तरास आरंभ करावा. आक्षेपातील जो भाग खरा असेल तो मोकळ्या मनाने मान्य करावा. अर्धा खरा असेल तर अर्धा मान्य करावा. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे, आणि शोधून सांगण्याचे वचन द्यावे, वचन पाळावे. आश्रमात निरूपण करणाऱ्याने सूत्राचा अर्थ सांगताना त्यावरील सर्वांत प्रबळ शंका स्वतःच उपस्थित करावी, ती श्रोत्याच्या मनात चोरून वाढू देऊ नये. आणि घरातील मुलाने प्रश्न विचारला, तर वडिलांनी त्याच्या शेजारी बसावे. उत्तर देता आले नाही तरी शेजारी बसता येते. मुलास तेवढ्याने कळते, की या घरात परमेश्वराचे नाव घेणाऱ्यांना प्रश्नाची भीती वाटत नाही.

जो युक्तिवाद परक्याच्या प्रश्नाने मोडतो, तो मोडणेच बरे. त्याच्यावर भार टाकून चालणारा केव्हातरी पडणारच होता. जो टिकतो, तो साधकाच्या पायाखालची वाट होतो. दोन्ही प्रकारे उपकार परक्याचाच. त्याचे मत स्वीकारावे असे नाही, पण त्याचे ऋण मानावे. आणि सर्व जीवांविषयी हितबुद्धी बाळगण्याची जी आज्ञा सर्वज्ञांनी केली, तिच्यातून आक्षेपकाला वगळू नये.

दंडवत प्रणाम.